लिंबाजीचा हात

लिंबाजी खिशात पांढरा रुमाल ठेवायचा. गॅरेजात काम करणारा माणूस आणि पांढरा रुमाल, हे ऐकूनच लोक हसतात. त्याची बायको सोजर जुनं धोतर फाडून त्याला असे चौकोनी तुकडे करून द्यायची. गाडीच्या एसीचा बंद पडलेला कॉम्प्रेसर उतरवला की लिंबाजी त्याच्या तोंडात बोट घालायचा, आतलं तेल बोटावर घ्यायचा, नाकाशी धरायचा आणि मग ते बोट रुमालाला पुसायचा. तेल चांगलं असलं तर रुमालावर फिकट डाग पडे. जळलेलं असलं तर काळा. आणि त्या काळ्या डागात उन्हाला धरल्यावर बारीक चमचम दिसली, तर तो मान हलवून गाडीमालकाला सांगायचा, "कॉम्प्रेसर आपल्या मनानं मरत नसतो, सायेब. त्याला कुनीतरी मारतंय. नवा बसवायच्या आधी ह्याचा पंचनामा करू."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते नाटक वाटलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा हेवा वाटला. तो हेवा पुढे वीसेक वर्षं माझ्याबरोबर राहिला, माझ्याच ताटात जेवला. त्यामुळे लिंबाजीबद्दल लिहायला बसलो की मला स्वतःबद्दलही लिहावं लागतं. त्याला इलाज नाही.

माझे वडील बिलोलीला शाळेत मास्तर होते. मी नांदेडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पहिल्या वर्गात पास झालो आणि लातूरला सय्यदचाचांच्या गॅरेजात कामाला लागलो. चाचा गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. त्या काळात एसीची गाडी म्हणजे डॉक्टर, वकील आणि कारखान्याचे डायरेक्टर एवढ्यांचीच, पण लातूर आणि निलंग्यापर्यंतच्या अशा सगळ्या गाड्या चाचांकडेच यायच्या. मला वाटलं होतं की डिप्लोमावाला म्हणून चाचा मला बाजूला बसवून घेतील, चार कामं समजावून सांगतील. त्यांनी माझं सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी पाहिलं, परत दिलं आणि कोपऱ्यात एका जीपखाली झोपलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. "उसके साथ रहना. पैले देखना, फिर बोलना."

जीपखालचा माणूस खरोखरच झोपला होता. दुपारची भाकरी खाऊन झाली की लिंबाजी फरशीवर पाठ टेकायचा आणि दहा आकडे मोजायच्या आत त्याला झोप लागायची. पाऊण तासाने आपोआप उठायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि मघाशी सोडलेला नटबोल्ट जणू हातातच होता अशा थाटात कामाला लागायचा. निलंग्याच्या बाजूचं गाव, घरी थोडी शेती, शिक्षण सातवीपर्यंत. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बुटका, काळासावळा, तळहात मात्र लहान मुलाच्या तळहातासारखे मऊ. मेकॅनिकचे हात तसे राहतात कसे, हे मला कधी कळलं नाही.

आठवड्याच्या आतच माझी परीक्षा झाली. साखर कारखान्यातल्या एका अधिकाऱ्यांची गाडी आली. उन्हाळा सुरू झाला होता आणि एसी गरम हवा टाकत होता. लिंबाजी जेवायला बसला होता, म्हणून मी पुढे झालो. गॅसचा दाब दाखवणारा दोन काट्यांचा गेज लावला. एक काटा नको तेवढा वर गेलेला दिसला आणि पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर आलं. मी त्या साहेबांना ठणकावून सांगितलं, "कॉम्प्रेसर गेला. नवा टाकावा लागेल." साहेबांचा चेहरा पडला.

लिंबाजी हात धुऊन आला. गेजकडे त्याने पाहिलं, पण दोन्ही काट्यांकडे पाहिलं. मी एकच पाहिला होता. मग त्याने बादलीभर पाणी आणलं आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर, कंडेन्सरवर, ओतलं. दोन्ही काटे खाली आले. गाडीत बसलेले साहेब ओरडले, "अरे, गार येतंय!"

"गाडी कारखान्यात उभी करता ना, सायेब?" लिंबाजीने विचारलं. "उसाची भुशी बसलीया जाळीत. हवाच जाईना. कॉम्प्रेसरला धाप लागलीय नुसती, मेलेला न्हाई. जाळी धुऊन देतो."

साहेब त्याच्या पाया पडायचेच बाकी होते. मी गेजच्या नळ्या गुंडाळत राहिलो. लिंबाजी माझ्याकडे वळून म्हणाला, "इंजिनेर, तुमचं बी बरोबरच व्हतं. एक काटा तसंच मनत व्हता." तो हे समजूत घालायला म्हणाला, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, सगळ्या गॅरेजसमोर त्याने माझी चेष्टा केली. चाचा खुर्चीत बसून हसत होते. त्या हसण्यात लिंबाजीचा अभिमान होता आणि तो मला सुईसारखा टोचला.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. शिकायला म्हणून नव्हे. तो कुठे चुकतो ते पाहायला.

लिंबाजी गेज लावायचा, पण त्याचा खरा भरवसा हातावर होता. चालू गाडीचं बोनेट उघडून तो एसीचे दोन्ही पाइप तळहाताने चाचपायचा. एक गरम, एक गार. गरम किती आणि गार किती, यावरून त्याला आतलं सगळं कळायचं. त्याची मापंही त्याचीच होती. "हा पाइप रांजनातल्या पान्यावानी गार हाय, हिरीच्या पान्यावानी पायजे." नवा कॉम्प्रेसर बसवला की इंजिन चालू करायच्या आधी तो त्याची पुढची चकती हाताने हळूहळू पंधरा-वीस वेळा फिरवायचा. आत साठलेलं तेल सगळीकडे जावं, पहिल्याच झटक्याला एका जागी कोंडून त्याने कॉम्प्रेसर फोडू नये, हे त्यामागचं कारण. पुस्तकातही ते लिहिलेलं आहे. पण लिंबाजी म्हणायचा, "नव्या बैलाला पैल्या दिशी वखराला जुपतो का कुनी? आदी चार पावलं हिंडवावं." गिऱ्हाइकं हे ऐकायला उभी राहायची. मी तीच गोष्ट शास्त्रशुद्ध सांगितली तर ती घड्याळाकडे बघायची.

मला त्याच्या झोपेचा हेवा वाटायचा, भुकेचा वाटायचा, लोक त्याच्यासाठी हुरड्याच्या दिवसांत कणसं घेऊन यायचे त्याचा वाटायचा. सोजरवहिनी कधी बाजाराला आल्या की गॅरेजवरून जाताना थांबायच्या, रस्त्याच्या पलीकडून नुसती मान हलवायच्या, आणि हा इकडून मान हलवायचा. एवढंच. माझं तोवर लग्न झालं होतं. आमच्या घरात तास-तासभर बोलणं व्हायचं आणि त्या एका मान हलवण्याइतकं काही त्यातून निघायचं नाही.

चाचा थकले आणि त्यांनी गॅरेज बंद करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी आपली सगळी हत्यारं लिंबाजीला दिली. मला आशीर्वाद दिला. मी नांदेडला परत आलो आणि स्वतःचं दुकान थाटलं. काचेची केबिन, गिऱ्हाइकांना बसायला सोफा, गॅस भरायचं आपोआप चालणारं मशीन, भिंतीवर फ्रेममध्ये डिप्लोमा. लिंबाजीने लातूरला निलंगा रोडवर पत्र्याचं शेड टाकलं. त्याला नाव नव्हतं, पाटी नव्हती. बाहेर एका खांबाला जुना कॉम्प्रेसर तारेने टांगलेला होता, तीच पाटी.

माझं दुकान चांगलं चाललं. तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखादा नांदेडकर बोलता बोलता म्हणायचाच, "मी तर बुवा लातूरला लिंबाजीकडं नेतो. तीन तास लागतात, पण एकदा हात लागला की बघायला नको." हे माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चहा पिताना.

आता नागनाथची गोष्ट सांगतो. नागनाथ बिलोलीचा. त्याची एक मोठी गाडी होती आणि आठवड्यातून दोनदा तो तीन-चार पेशंटना नांदेडला डायलिसिसला आणायचा, संध्याकाळी परत न्यायचा. वडिलांचा विद्यार्थी म्हणून तो हक्काने माझ्याकडे यायचा. मे महिन्यात त्याच्या गाडीचा कॉम्प्रेसर जाम झाला. तो म्हणाला, "सर, लवकर करा. माझ्या मानसांना एसी म्हणजे चैन न्हाई. त्यांना पानी घोट मोजून प्यायचं असतं. उन्हात तहान लागली तर करायचं काय?"

मी त्याच दिवशी नवा कॉम्प्रेसर बसवला. जाम झालेल्या कॉम्प्रेसरमधून धातूचा चुरा सुटतो आणि तो पुढे कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो, हे मला ठाऊक होतं. नुसत्या हवेच्या झोताने तो निघत नाही, कंडेन्सरच बदलावा लागतो, हेही ठाऊक होतं. पण दुकानात कंडेन्सर नव्हता, हैदराबादहून यायला दोन दिवस लागले असते. मी हवेचा झोत मारला, गॅस भरला आणि गाडी दिली. मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे होते.

सोळाव्या दिवशी नवा कॉम्प्रेसर जाम झाला. मी म्हटलं, माल खराब निघाला. कंपनीकडून बदली घेऊन दुसरा बसवला. तोही महिना काढू शकला नाही. त्या दिवशी नरसीच्या अलीकडे गाडीत एक म्हातारी चक्कर येऊन पडली. नागनाथने गाडी झाडाखाली घेतली, ओला टॉवेल तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसंच तिला दवाखान्यात पोचवलं. ती वाचली. पण नागनाथ त्यानंतर माझ्याकडे आला नाही. सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन तो थेट लातूरला गेला.

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला तो हातात एक पोतं घेऊन. "लिंबाजीमामांनी दिलंय तुम्हाला." पोत्यात कंडेन्सर होता, करवतीने मधोमध कापलेला. नळ्यांची तोंडं काळ्या, चमकत्या चिखलाने बुजलेली.

"आणि काय म्हणाले?" मी विचारलं.

"मनले, इंजिनेरला दाखीव, त्याला बगायला आवडंल. आनि मला मनले, त्यांच्यावर राग धरू नको, हा कचरा डोळ्याला दिसत न्हाई, कुनाचं बी चुकलं असतं. एसी आता झकास हाय, सर. आजी तर स्वेटर मागून राहिली."

मी हसलो. नागनाथ गेल्यावर ते पोतं उचलून मागच्या भंगारात टाकलं. त्याने मला उघडं पाडलं असतं तर मी त्याच्याशी भांडू शकलो असतो. त्याने मला सांभाळून घेतलं होतं. ते मात्र मला सोसवेना.

त्यानंतर आठवडाभरातच नांदेडला एका स्पेअर पार्टच्या दुकानात लातूरचे बिराजदार भेटले. त्यांच्या दहा-बारा भाड्याच्या गाड्या होत्या, काही लातूरला, तीन नांदेडला. सगळ्यांची एसीची कामं लिंबाजीकडे. बिराजदारांनी सहज विचारलं, "तुम्ही दोघं एकाच उस्तादाचे ना?" मी म्हटलं, "हो, लिंबाजी हुशार माणूस. पण साहेब, त्या शेडमध्ये नवा माल कुठून येतो, हे कधी विचारलंत? भंगारातला कॉम्प्रेसर उचलायचा, साफ करायचा, काळा रंग मारायचा. हात चांगला आहे त्याचा, म्हणून कळत नाही." आणि वर हसलो.

हे साफ खोटं होतं. लिंबाजी जुना माल बसवायचा तो गाडीमालकाला विचारून, सांगून, दाखवून. बोलताना मला आतून इतकं हलकं वाटलं, की ते आठवलं तरी आजही अंगावर काटा येतो.

महिनाभरात बिराजदारांनी लिंबाजीकडून सगळ्या गाड्या काढून घेतल्या. नांदेडच्या तीन गाड्या माझ्याकडे आल्या. बोललेलं पसरतं. लातूरात लोक त्याला सरळ विचारायला लागले. काही जण विचारायचेही नाहीत, नुसतेच येईनासे झाले.

दिवाळीच्या आसपास लिंबाजी नांदेडला आला. कॉम्प्रेसरच्या क्लचचे काही भाग घ्यायचे होते. मी त्याला घरी जेवायला नेलं. बायकोने भाकरी, वरण-भात, वांग्याची भाजी केली होती. अर्धं जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "इंजिनेर, माझ्या मालाबद्दल तू बिराजदारापाशी काय बोलला व्हता का?"

"मी? नाही," मी म्हटलं. "कोण म्हणतं?"

"कुनी न्हाई. मनून इचारलं." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "न्हाई म्हनतोस ना, मग झालं."

त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. जाताना माझ्या बायकोला म्हणाला, "वयनी, भाजी लई चांगली झालती." मी त्याला बसस्टँडवर सोडलं. त्याचा माझ्यावर विश्वास बसला, असं मी मनाशी ठरवून टाकलं, आणि मग त्या विश्वासाचाही मला राग आला. इतकं सरळ राहायला या माणसाला जमतं तरी कसं?

पुढे दोन-तीन वर्षं आमचं बोलणं फोनवर सणासुदीपुरतं उरलं. मग एक दिवस स्पेअरवाल्याने बातमी दिली, "तुमच्या लिंबाजीचा हात गेला म्हणतात. साखरेच्या आजारानं बोटं बधिर झाली. त्याला आता गरम-गार कळत नाही."

मी वाईट वाटल्याचा चेहरा केला. आतून मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला आनंद झाला. त्या आठवड्यात लातूरला एका नातेवाइकाकडे लग्न होतं. मी एरवी गेलो नसतो. गेलो. अक्षता पडल्या तशी गाडी काढली आणि निलंगा रोडला लागलो. हरलेला लिंबाजी मला डोळ्यांनी बघायचा होता.

शेडमध्ये एक गाडी बोनेट उघडून चालू स्थितीत उभी होती. लिंबाजी स्टुलावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आणि बोनेटमध्ये वाकल्या होत्या सोजरवहिनी. अंगावर लुगडं, लुगड्यावर लिंबाजीचा जुना शर्ट, बाया रानात कामाला जाताना घालतात तसा. त्यांचा तळहात पाइपवर होता.

"कसा हाय?" लिंबाजीने विचारलं.

"गार हाय."

"कशावानी गार?"

त्यांनी डोळे मिटले. "सकाळच्याला पान्याची घागर भरून ठेवली अन् दुपारी हात लावला, तशी."

"मंग अजून कमी हाय. थोडा गॅस सोड. बेतानं. कारल्याला मीठ टाकतीस तसं."

त्यांनी नळी थोडी सैल केली, थांबल्या, पुन्हा हात लावला. "आता हिरीत वाकून पानी घेतल्यावानी."

"बंद कर," लिंबाजी म्हणाला. "झालं."

मी दाराशीच उभा राहिलो. हरलेला माणूस बघायला आलो होतो. समोर होता तो माणूस आपला गेलेला हात दुसऱ्याच्या अंगाला जोडून बसला होता, आणि त्या दोघांमध्ये शब्द असे जात-येत होते जसं एकच शरीर स्वतःशी बोलतंय. माझ्याकडे सगळे आकडे दाखवणारं मशीन होतं. माझ्या हाताला काय जाणवतं, हे ज्याला सांगावं असं माणूस माझ्याकडे नव्हतं. इतका हेवा मला त्याचे हात शाबूत असतानाही वाटला नव्हता.

"अरे, इंजिनेर!" लिंबाजीने हाक मारली. गाडीमालकाला म्हणाला, "हे नांदेडचे. माझ्यासंगं शिकलेत. ह्यातलं पुस्तकाचं ज्ञान दोन्ही जिल्ह्यांत ह्यांच्याएवढं कुनाला न्हाई." गाडीमालकाने मला नमस्कार केला आणि गाडी घेऊन गेला.

वहिनींनी शर्टाला हात पुसले. "बसा भाऊजी. बगा ना काय येळ आली. आधी त्या बिराजदारानं गाड्या काढून नेल्या. भंगाराचा माल विकतोय मनून गावभर केलं कुनीतरी. मला बाजारात बाया इचारायच्या, तुझा मालक रंग मारून इकतो का गं? हे तवापासनं रातचं जेवेनात, झोपेनात. तवाच ही साखर वाढली."

झोपेनात. लिंबाजीला झोप लागत नाही, हे वाक्य माझ्या कानात गेलं आणि मला पुढे काही ऐकूच आलं नाही. कितीतरी दुपारी त्याला जीपखाली गाढ झोपलेला पाहून मी जळलो होतो. ती झोप मी त्याच्यापासून काढून घेतली होती, आणि ती मलाही मिळाली नव्हती.

"वहिनी," मी म्हटलं, "ते बिराजदारांना मी सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"मला ठावं हाय," लिंबाजी म्हणाला. "तुझ्या घरी इचारलं, तवाच कळलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत, भाऊ?"

"काय बोलू? तू खोटं बोलायला लागला, तर मी तुला पुन्यांदा इचारून अजून एक खोटं बोलायला लावू का?" त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. "पर तुझ्यामुळं माझं लई नुकसान झालं, इंजिनेर. तुला माफ केलं असं माझ्या तोंडून निगत न्हाई. निगंल तवा निगंल."

सोजरवहिनी एवढा वेळ उभ्याच होत्या. त्यांच्या हातात माझ्यासाठी भरलेला पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"ज्याच्यापाशी बोलला, त्याच्यापाशी जावा," त्या म्हणाल्या. "त्याला सांगा खोटं बोललो मनून. तवर ह्या शेडातलं पानी तुमाला न्हाई."

मी लग्नाच्याच कपड्यांत बिराजदारांच्या ऑफिसात गेलो. तिथे त्यांच्यासोबत दोन माणसं बसली होती. मला वाटलं, ती जातील मग बोलू. मग वाटलं, लिंबाजीबद्दल बोललो तेव्हाही दुकानात माणसं होतीच की. मी सगळ्यांसमोर सांगितलं. बिराजदार खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "म्हणजे त्या माणसाला मी फुकट चोर ठरवलं." मग म्हणाले, "त्याच्याकडं मी स्वतः जातो. पण तुमच्याकडच्या माझ्या तीन गाड्या उद्यापासून येणार नाहीत. तुम्ही आज खरं बोललात, हे ठीक. पण उद्या माझ्याबद्दल कुणापाशी काय बोलाल, याचा भरवसा काय?"

मी परत शेडवर गेलो. काय झालं ते सांगितलं. वहिनींनी तांब्या उचलून माझ्या हातात दिला. पाणी तेच होतं, एवढ्या वेळात कोमट झालेलं. मी उभ्या उभ्या सगळं प्यालो.

बिराजदार दुसऱ्या दिवशी खरंच गेले. गाड्या परतल्या. सगळी गिऱ्हाइकं काही परतली नाहीत. एकदा उठलेली अफवा पुरती बसत नाही. लिंबाजी त्यानंतर तीन वर्षं जगला. मी महिन्यातून एकदा जायचो. तो स्टुलावर, वहिनी बोनेटमध्ये, मी बाजूला. माफ केलं, असं तो कधी म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. एकदा फक्त चहा पिताना म्हणाला, "इंजिनेर, तू चांगला मेकॅनिक झाला असतास. माझ्याकडं बगन्यात लई येळ घालवला." हसला नाही. मीही हसलो नाही. ते खरंच होतं.

गेल्या वर्षी तो गेला. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपला. त्याच्या मातीला निलंगा रोडवर गाड्यांची रांग लागली होती. ड्रायव्हर, डॉक्टर, कारखान्याची माणसं, बिलोलीहून नागनाथ. रांग बघताना माझ्या मनात आलं, आपल्या वेळी एवढे येतील का? लगेच स्वतःची किळस आली. पण आलं ते आलं. सरणापर्यंत मी त्याचा हेवा केला.

वाटलं, शेड बंद होईल. झालं नाही. सोजरवहिनी चालवतात. सुरुवातीला लोक बाई म्हणून बिचकले. मग एकाच्या गाडीला गार हवा आली, दुसऱ्याच्या आली, आणि बिचकणं संपलं.

मागच्या महिन्यात दुपारी त्यांचा फोन आला. "एक गाडी आलीया नव्या तऱ्हेची. हिच्या कॉम्प्रेसरला पट्टाच न्हाई. पट्ट्याबिगर ह्यो फिरतो कशानं?"

मी सांगितलं की तो बॅटरीच्या विजेवर चालतो. त्या जाड नारिंगी वायरींत माणूस मरेल एवढी वीज असते, अजिबात हात लावू नका. त्याचं तेलही वेगळं असतं. नेहमीचं तेल त्यात पडलं तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते. मी हे पुस्तकात वाचलं होतं, दोन गाड्यांवर केलंही होतं. बोलताना लक्षात आलं, लिंबाजीला हे माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी त्याच्यापेक्षा जास्त येत होतं आणि दाखवायला तो नव्हता.

"तुम्ही काही उघडू नका," मी म्हटलं. "मी उद्या पहिल्या गाडीनं येतो. दोघं मिळून करू."

"बरं," त्या म्हणाल्या. फोन ठेवायचा त्यांना नीट जमला नसावा, कारण मला पलीकडचं ऐकू येत राहिलं. गाडीमालक तक्रारीच्या सुरात काहीतरी म्हणत होता, दुसरीकडे नेतो म्हणत होता.

"ऱ्हाऊ द्या, कुठं नेऊ नका," वहिनी त्याला सांगत होत्या. "उद्याच्याला नांदेडहून आपला मानूस येतोय."